हात जाईल एवढं तोंड

(अहेरीच्या गिरजाबाई त्यांच्या दुकानात बसून दोन दुपारी बोलल्या. त्या बोलल्या तसंच उतरवून घेतलं आहे.)

माहं नाव गिरजा. आमी मूळचे इथचे नाई, चिमूरकडचे. माहा बाप टिनाचं काम करे. घासलेटाचे रिकामे डबे कापून त्याच्या चिमन्या कराच्या, कंदिलाचं बूड बदलाचं, चाळन्या, नरसाळे, बादल्या, जे म्हनान ते. तिकडं गावोगाव टिनवाले झाले, पोट भरेना, म्हून खांद्यावर भाता अन् मांगं माय, मायच्या कडेवर मी, असे आमी चालत चालत जंगलातून इकडं आलो म्हने. अहेरीत तवा टिनवाला कोनी नव्हता. बाप बाजाराच्या कडेले चिंचेखाली बसला तो बसलाच. तुमी आता जिथी बसून राह्यल्या ना बाई, तीच जागा हाय ते. तवा भिंती नव्हत्या, एवढंच.

मायचे दोन पोरं झाले अन् दोन्ही गेले. मंग भाता कोन ओढन, मीच ओढे. सात-आठ वर्साची असन मी. भाता ओढता ओढता हातोडी धराले लागली, हातोडी धरता धरता डाग द्याले शिकली, कथलाचा डाग, बारीक, धाग्यावानी. माय म्हने, पोरीच्या जातीचे हात असे दगडावानी होऊन राह्यले, तुले कोन करीन. बाप म्हने, करनारा करन, नाई तं हात हायतच. माहा बाप असा होता, जास्त बोले नाई, पन बोलला तं त्यावर मायले काई बोलता ये नाई.

करनारा भेटला. आलापल्लीले देलं मले. नवरा सागवानाच्या कामावर होता, मोठाले लाठे ओढाचे, बैल, साखळ्या, तसलं काम. मानूस वाईट नव्हता असं लोकं म्हनते, मीबी म्हनते. पन तीन वर्सात मले लेकरू नाई झालं अन् त्यानं दुसरी आनली. मले सांगतलं नाई, इचारलं नाई, संध्याकाळी तिले घेऊनच आला अन् म्हने हिले पानी दे. मी पानी देलं. दोन दिवस पाह्यलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माही हातोडी, जे बापानं लग्नात देली होती, ते पदरात बांधली अन् निघाली. सासू मांगून म्हने, रांडे, तोंड काळं करून कुठी जातं. मी म्हनलं, माह्या कामावर. मांगं वळून नाई पाह्यलं. दुपारी अहेरीत पोचली.

अन् इथी येऊन पाहते तं काय, बाप चिंचेखाली बसला हाय, हातात काम नाई. एकानं घासलेटाचा डबा आनला होता डाग द्याले. रिकामा हाय म्हने. बाप एवढा जुना मानूस, पन त्या दिवशी त्यानं डबा धुतला नाई, तसंच तापलेलं लोखंड लावलं. डबा फुटला. एक डोळा जागीच गेला, दुसऱ्यानं नुसता उजेड-अंधार समजे. याले सहा महिने झाले होते अन् मले कोनी कळवलं नव्हतं, पोरीच्या संसारात काहाले इघ्न म्हून. बापानं मले इचारलं नाई, तू काऊन आली. मी बी सांगतलं नाई. मी भात्याजवळ बसली अन् म्हनलं, काय काम पडलं हाय ते सांग. तो म्हने, ते बादली हाय, तिचं बूड.

तवापासून काम मी करे अन् गिऱ्हाईक बोले बापाशी. माह्यासमोर माह्या हातात त्याचा कंदील, अन् तो बापाले म्हने, बुढा, चांगला डाग देजो. मी भाता ओढे. बाप म्हने, देते.

आता नावेचं सांगते, तुमी त्याच्यासाठीच आल्या.

आमची प्रान्हिता उन्हाळ्यात पाहाल तं पायानं पार होते, नुसती रेती. पन पावसाळ्यात तिचा तिकडचा काठ दिसत नाई कधी कधी. तिकडं तेलंगी मुलूख. पह्यले लोकं डोंग्यानं जात, एका झाडाचं कोरलेलं खोड, त्यात सहा मानसं. मंग एका लाकडाच्या ठेकेदारानं मोटारनाव आनली. बांबूचे तराफे ओढाले आनली होती, पन बाजाराच्या दिवशी मानसंबी नेत. आमाले लय नवल. धूर सोडत, धडधड करत जाये. तिचा डायवर रामलू, सिरोंच्याकडचा, अर्धं तेलगू बोले अन् अर्धं आपलं. मले अक्का म्हने. त्याच्यापेक्षा मी लहान होती, तरी अक्का.

हे नाव बंद पडे. एक-दोनदा नाई, दर आठ दिवसाले. चालता चालता खोकली, खोकली, अन् चूप. रामलू इंजिनाजवळ बसून एक जाळी काढे, ते पुसे, फुंके, लावे, अन् मंग नाव पुन्हा चाले. डिझेल ड्रममधी ये चांद्याहून, ट्रकावर, रस्त्याची धूळ, ड्रमवर पावसाचं पानी, ड्रमाच्या आतला गंज, ते सारं टाकीत. एकदा तो माह्याकडं नरसाळं कराले आला, आत बारीक जाळी बसवून दे म्हने. मी करून देलं. तो म्हने, अक्का, याच्यानं नवा कचरा थांबन, पन आतला कसा काढू. मी म्हनलं, धू. तो हासला. म्हने, टाकी लोखंडी पत्र्याची हाय, चारी बाजूनं बंद, फळीखाली बसवली हाय, अन् तेल टाकाचं तोंड दोन बोटाचं. बाहेर काढाची म्हनलं तं नाव फोडा लागते. मी म्हनलं, जे भांडं धुता येत नाई ते भांडं केलं कोनं. हे मी हासून म्हनलं होतं तवा. मले काय मालूम.

आमच्याकडं जुरीबाई म्हून एक गोंडाची बाई ये, पल्याडच्या जंगलातल्या गावची. लाख आने. चाकूची मूठ, इळ्याची मूठ लाखेनंच बसवा लागते ना, म्हून आमी घेत. लाख तोलून झाली की ते इथीच बसे, तंबाखू खाये, अन् मले गोंडीत काई काई म्हने, मले अर्धं समजे. ते एकच बाई होती जे बापाशी नाई, माह्याशी बोले. माह्या हाताले हात लावून पाहे अन् म्हने, बेस.

सरावनात एक बाजार झाला. मी तिकडं चिमन्या इकाले गेली होती, टोपलीभर, अन् आल्या पावली त्याच नावेत परत. जुरीबाई बी होती, तिले इकडं पोरीकडं याचं होतं. नदी भरून, पानी लाल. मधात आलो अन् नाव खोकली. रामलू खाली वाकला, जाळी काढली, पुसली, लावली, नाई. पुन्हा काढली. मी जवळच होती, मी पाह्यलं, जाळीवर काळं काळं, बेडकाच्या अंड्यावानी चिकट. तो फुंके अन् ते निघे नाई. तवर नाव धारेले लागली. खालतं खडक हायत. लोकं उठून उभे झाले, रामलू वरडे, बसा, कोनी बसे नाई. आडवी होऊन नाव खडकाले लागली अन् एका अंगाले झुकली. तिघं पडले. दोघाइले बांबूनं ओढलं. जुरीबाई मले दिसली, तिचा हात दिसला, मी हात पुढं केला, हातभर कमी पडला. काय सांगू तुमाले. हातभर.

दोन दिवसानं सापडली, लय खालतं.

चौथ्या दिवशी नाव पुन्हा चालू. तीच टाकी, तेच तेल. मी बापाले म्हनलं, चाल. ठेकेदाराचा मनीजर घाटाजवळ राहे, खुर्ची टाकून बसे. आमी उभे राह्यलो. बाप म्हने, साहेब, टाकीले वरतून हात जाईल एवढं तोंड पाडू, झाकन बसवू, महिन्याले एक डाव उघडून गाळ काढाचा, काम आमी करतो. तो म्हने, टाकी कंपनीतून बंद होऊन आली हाय, तिले भोक पाडलं तं तेल गळन, नाव पेटन, मंग तू देशीन काय भरून. मी म्हनलं, तेल गळलं तं दिसन तरी, गाळ दिसत नाई अन् मानूस मारते. तो माह्याकडं पाहे नाई. बापाले म्हने, बुढा, तुह्या पोरीले सांग, मी तिच्याशी नाई बोलून राह्यलो, अन् बाईच्या जातीनं इंजिनाले हात लावाचा नाई, नदी कोपते. बाप म्हने, नदी तं कोपलीच, साहेब. तवा तो मनीजर काय म्हनला, हे मी मरेपर्यंत नाई इसरनार. म्हने, नदी हाय, दरसाली एक-दोन घेतेच.

मी घरी आली. जेवली नाई. बापाले म्हनलं, मी तोंड पाडते. तो म्हने, मीबी तोच इचार करून राह्यलो, पन झाकन कसं बसवशीन. वरतून पेच मारशीन तं पत्रा पातळ, पेच धरनार नाई. नट लावाचे तं ते आत पाह्यजे, अन् झाकन लावल्यावर आत हात कसा जाईन. आमी दोघं दोन दिवस याच्यावर बसलो. मंग मले सुचलं. जाड पट्टीची एक कडी कराची, भोकापेक्षा मोठी, अन् ते एका जागी कापाची. कापलेलं टोक भोकात घालाचं अन् फिरवत फिरवत सारी कडी आत सोडाची, बायका घट्ट बांगडी चढवते तशी दाबून फिरवून. कडीले आधीच उभे बोल्ट पक्के करून ठेवाचे. आतून कडी, बोल्ट वर निघते, वरतून झाकन, झाकनावर नट. बापानं दोन्ही हातानं हवेत फिरवून पाह्यलं. आंधळ्याले लवकर समजते असं. म्हने, होईन.

मधात काय लावाचं, तेल झिरपू नये म्हून. रामलू म्हने सायकलीच्या टूपचं रबर. मी म्हनलं, तुह्या नावेतली रबरी नळी तेलानं फुगते की नाई दर महिन्याले. म्हने, फुगते. मंग हेबी फुगन. मोच्याकडून चामडं आनलं, पातळ. अन् त्याले लाख. आलापल्लीचा एक सुतार लाख स्पिरिटमधी इरघळवून लाकडाले लावे, मी सासरी होती तवा पाह्यलं होतं. त्याच्याकडून स्पिरिट आनलं. लाख घरचीच होती. जुरीबाईनं आनलेली, अर्धी वापरली होती, अर्धी कापडात तशीच.

पोळ्याच्या दिवशी मनीजर चांद्याले घरी गेला. पोळ्याले कोनी नाव हाकत नाई, बैलं सजवते, सारं गाव तिकडं. आमी घाटावर गेलो, बाप, मी अन् रामलू. रामलू भीत होता. अक्का, नौकरी जाईन म्हने. मी म्हनलं, जाईन, मंग जा घरी, चावी ठेवून जा. त्यानं बिडीचा कट्टा काढला खिशातून अन् नदीत फेकून देला, म्हने, सांग काय कराचं.

पह्यलं तेल उपसलं, ड्रममधी भरून दूर ठेवलं. मले वाटलं झालं, आता भोक पाडाचा बरमा लावू. बापानं हात धरला. म्हने, तेल गेलं, तेलाची वाफ राह्यली, हेच माह्या डोळ्यानं शिकलो मी. मंग सोड्याचं गरम पानी, तीन डाव, पानी तापवलं ते बी दूर, चिंचेजवळ, अन् घागरीनं आनलं. अन् मंग टाकी पान्यानं गच्च भरली, तोंडापर्यंत, म्हंजे वाफेले जागाच नाई. अन् आग कुठीच नाई, नुसता हाताचा बरमा, त्याच्या टोकाले चरबी, म्हंजे लोखंडाचा कीस चिकटन, आत नाई पडनार. फळी काढली, पत्र्यावर माही मूठ ठेवली अन् कोळशानं तिच्याभोवती गोल काढला. पह्यलं भोक पडलं तं त्यातून पानी वर आलं, थंडं. रामलूनं हात जोडले. मी म्हनलं, हात काहाले जोडून राह्यला, तिकडून धर.

भोकाले भोक लावून गोल फिरवला, मधातलं छिन्नीनं तोडलं. चकती आत पडू नये म्हून तिले आधीच तार बांधली होती. कानशीनं काठ घासला, तरी माहा हात कापलाच. पानी उपसलं. मंग खांद्यापर्यंत पदर खोचला अन् हात घातला आत, कोपरापर्यंत, कोपराच्या वर.

बाई, काय होतं त्याच्यात. बोटं बुडाले असा काळा गाळ, घट्ट, वास असा की डोक्यात जाये. गंजाचे पापुद्रे, कापडाची चिंधी, अन् ते बेडकाच्या अंड्यावानी चिकट, ओंजळीनं काढलं. रामलूचा दाढीचा आरसा होता, त्यानं ऊन आत पाडलं अन् मी पाह्यलं. अन् पाहते तं आत एक भिंत. टाकीच्या मधात आडवा पत्रा, तेल हिंदकळू नये म्हून, खालतून नुसते दोन बारीक भोकं. म्हंजे मी धुतली ते अर्धीच टाकी. पलीकडची अर्धी तशीच.

रामलू म्हने, अक्का, पुरे, अर्धी झाली, लय झालं, दिवस कलला. खरं सांगते, मीबी थकली होती, हाताचं रक्त थांबे नाई, अन् कडी बी एकच करून आनली होती. मी बापाकडं पाह्यलं. बाप म्हने, तुह्या हातात हाय, तू सांग. त्या आधी तो कधी असं म्हनला नव्हता. मी म्हनलं, अर्धं घासलेलं भांडं तुमी चुलीवर ठेवान काय. उद्या पोळ्याची कर हाय, नाव बंदच, मनीजर परवा येते. उद्या दुसरं तोंड.

दुसरी कडी, दुसरं झाकन सकाळी दुकानात केलं, तिथी आग, घाटावर नाई. टाकी पुन्हा पान्यानं भरली, पुन्हा बरमा, पुन्हा सारं तेच. कडी आत सोडताना अडकली, फिरे नाई, मी रामलूले शिव्या देल्या, त्याची काई चूक नव्हती. मंग गेली. माहे दोन जुने लुगडे फाडून आतून टाकी कोरडी केली अन् दोन्ही तोंडं उनात उघडे ठेवले, कारन तेलात पानी राह्यलं तं पुन्हा तेच मरन. संध्याकाळी चामडं, लाख, झाकन, नट. दोन्ही बाजूनं सारखे कसले, आमोरासमोरचे. बापानं बोटं फिरवली काठावरून. मंग तेल भरलं, गाळून. थेंब नाई.

मनीजर आला तं त्याले गावात शिरता शिरताच समजलं. घाटावर आला, चेहरा लाल. म्हने, कंपनीच्या मालाची खराबी केली, पोलिसात देतो, चिंचेखालची दुकान उठवतो, चिमूरचे भिकारी चिमूरले पाठवतो. लोकं जमा झाले. मले भेव नव्हतं असं नाई, पन पुढं झाली. मी म्हनलं, साहेब, आज तुमी माह्याशी बोलून राह्यले हे चांगलं झालं. नावेत मी अन् माहा बाप बसतो, दुसरं कोनी नाई, रामलू हाकन. पल्याड जाऊन परत येतो. पेटली तं आमी पेटू, तुमची कटकट जाईन. तो म्हने, नाव बांधून ठेवा, कोनी हात लावाचा नाई. रामलूनं त्याच्यासमोर दोर सोडला. आमी गेलो. त्या खडकाच्या बाजूनं गेलो अन् आलो, नदी तेवढीच भरलेली. इंजिन एक डाव खोकललं नाई. बाप मधात बसला होता, तळहात टाकीवर ठेवून, लेकराच्या पोटावर ठेवते तसा.

आठ दिवसानं चांद्याहून ठेकेदाराचा इंजिनेर आला, मनीजरनंच बोलवला होता आमाले सजा द्याले. त्यानं नट काढले, झाकन उघडलं, कडी पाह्यली, आत हात घालाले गेला तं मनगटाच्या वर जाये ना, त्याचा हात जाड. हे कोनं केलं म्हने. मनीजर म्हने, डायवरनं, बुढ्याच्या संगतीनं. रामलू म्हने, नाई साहेब, अक्कानं. इंजिनेर बापाकडं वळला, शाबास म्हातारबा, काम पक्कं हाय. माहा बाप म्हने, साहेब, मले दिसत नाई. माह्याकडं पाहून काय बोलता, तिच्याकडं पाहा.

त्यानं पाह्यलं. मंग कागद काढून लिहाले बसला. कागदात त्यानं काय लिहिलं ते मले नंतर समजलं, चांद्याच्या कारखान्यात टाकी सुधारली, असं. बरं. लिहा म्हनलं. पन एक गोष्ट त्या कागदाले समजली नव्हती. तोंड मी माह्या मुठीच्या मापानं पाडलं होतं. घाटावर एकाही मरदाचा हात कोपरापर्यंत आत जाये नाई. दुसऱ्या महिन्याले टाकी धुवाची येळ आली तवा मनीजरनं मानूस पाठवला दुकानात, बापाले म्हने, पोरीले पाठव. मी म्हनलं, बापाले काऊन सांगून राह्यला, मी इथी बसली हाय. तो मानूस मंग माह्याकडं वळून म्हने, बाई, चाल. मी म्हनलं, येते, पन एक बोलून ठेवते, पावसाळ्याचे चार महिने मी टाकी पाहून हो म्हनलं तवाच नाव सुटन, नाई म्हनलं तं नाई सुटनार, कोनीही साहेब असो. मनीजर लय भडकला. एका बाजाराले त्यानं मले बोलवलंच नाई, म्हने सोडा नाव. रामलूनं इंजिन चालू केलं, पन बसे कोन. बाजारातल्या बाया टोपल्या घेऊन काठावरच बसल्या अन् इचारत, गिरजानं हात घातला काय. नाई म्हनलं तं त्या उठल्याच नाई. जुरीबाईची पोरगी बी होती त्याच्यात, सर्वात पुढं. शेवटी मनीजरचा मानूस पळत आला मले बोलवाले. मी हातातलं काम पुरं केलं, कंदिलाचं बूड होतं, थंडं होऊ देलं, मंग गेली.

ते नाव असेपर्यंत मधात बंद नाई पडली. आठ-नऊ पावसाळे. मंग ठेकेदार गेला, नाव कुठी गेली कोनाले मालूम. मनीजर पेन्शनीत मेला असन. बाप त्याच्या आधीच गेला. रामलू सिरोंच्याले परतला, तिकडून एकदा माह्यासाठी मिरच्या पाठवल्या होत्या, मंग काई नाई. नवऱ्यानं एकदा बोलवनं पाठवलं होतं, त्या दुसरीलेबी लेकरू नाई झालं म्हने. मी निरोप्याले चहा पाजला अन् वापस पाठवला.

आता टिनाचं काम कोन करते. पलास्टिक आलं. पलास्टिकले डाग देता येत नाई, फुटलं की फेका. तरी कोनी कोनी येते, फवारनीचा पंप गळते म्हून, इस्टोव्ह घेऊन. चुलत भावाचा पोरगा चांद्याले हाय, नौकरीवर, चांगला हाय, दर दिवाळीले म्हनते, आत्या, एकटी काहाले राह्यतं, चाल, खोली हाय, पंखा हाय, बसून खाजो. मी म्हनलं, बाबू, तू सुखात राह्य, तुह्या लेकराइले माही उमर लागो, पन मी बसून नाई खात. डाक्टर म्हनते, धुरात बसू नोको. मी म्हनलं, तू दवाखान्यात बस, मी धुरात बसते, आपलं आपलं काम हाय. परवा नगरपंचायतीचे दोघं पोट्टे आले, रस्ता रुंद कराचा हाय म्हने, आजी, हे सामान उचला. मी म्हनलं, चिंचेले इचारा पह्यले, ते माह्याहून मोठी हाय. गेले हासत. येतीन पुन्हा. येवू द्या. मी इथीच हाय.

तुमी चहा पुरा करा बाई. ऊन उतरू द्या, मंग निघा. अन् ते तुमच्या खांद्यावरच्या झोऱ्याचं कडं तुटून राह्यलं हाय, मी मघापासून पाहून राह्यली. द्या इकडं.